गिअरबॉक्समधला झटका

वाशीमला अकोला रोडवर माझं गॅरेज आहे. गाड्या दुरुस्त करणं हे मुख्य काम, पण गेली काही वर्षं लोक मला आणखी एका कामासाठी बोलावतात. कुणाला वापरलेली गाडी घ्यायची असली की मला सोबत नेतात. मी गाडीखाली शिरतो, बॉनेटमध्ये डोकं घालतो आणि शेवटी त्यांना बाजूला घेऊन सांगतो, घ्या किंवा घेऊ नका. या कामात मी एकदाच खोटं बोललो, आणि बोललो ते माझ्या शाळेतल्या बाईंशी.

बाईंनी आम्हाला मेडशीच्या शाळेत गणित शिकवलं. त्या राहायच्या वाशीमला. रोज जाणं-येणं. एसटी चुकली की काळी-पिवळी जीप. आम्ही पोरं फाट्यावरून पाहायचो. बाई एका हातात निऱ्या गोळा करून, दुसऱ्या हातानं दांडा धरून जीपमध्ये चढायच्या, आणि आत बसलेले दहा-बारा जण अंग चोरून त्यांना जागा करून द्यायचे. असं त्यांनी निवृत्तीपर्यंत केलं. लग्न केलं नाही. धाकटा भाऊ अनसिंगची शेती पाहतो. त्याचा संसार बाईंच्याच घरात, वरच्या मजल्यावर.

निवृत्त झाल्यावर बाई गाडी शिकल्या. एक छोटी जुनी गाडी घेतली आणि ती माझ्याकडेच दुरुस्तीला यायची. एके दिवशी ऑइल बदलेपर्यंत बाई खुर्चीवर बसल्या होत्या. एकदम म्हणाल्या, "मले मोठी गाडी घ्यायची आहे. ती विदेशी कंपनीची असते न, लांब, डिक्कीवाली. तशी."

मला वाटलं थट्टा करतायत. पण बाई कधी थट्टा करत नसत.

झालं होतं असं की, त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं त्यांना अकोल्याहून वाशीमला आपल्या गाडीतून सोडलं होतं. "आवाजच नाही बाप्पा," बाई म्हणाल्या. "मी बोलत बसली. बाहेर पाह्यलं त मेडशी मांग गेलं होतं. इतके वर्ष त्या रस्त्याचा एक एक खड्डा मोजला मी, अन् त्या दिवशी गाव गेलेलं कळलं नाही."

मी जे सगळ्यांना सांगतो तेच सांगितलं. एवढे पैसे घालायचे तर उंच गाडी घ्या, आपल्या रस्त्यांना तीच बरी. या गाड्या बुटक्या, प्रत्येक ब्रेकरला पोट घासतं.

"उंच गाडीत चढा लागते," बाई म्हणाल्या. "मी लय चढली रे. आता मले दार उघडून नुसतं बसायचं आहे."

मग मी त्यांना नवी घेऊ नका म्हणालो. एक-दीड वर्ष वापरलेली घ्या. शोरूमच्या दारातून बाहेर पडल्यावर पहिल्या वर्षात अशा गाडीची किंमत जितकी पडते तितकी पुढं कधी पडत नाही. ते नुकसान पहिल्या मालकानं सोसलेलं असतं, आणि कंपनीची वॉरंटी अजून शिल्लक असते. सर्व्हिसिंग कुठं झालं, विम्याचा क्लेम कधी घेतला, कर्जाचा बोजा उतरला का, हे सगळं कागदावर पाहायचं. बाईंनी पर्समधून छोटी वही काढून सगळं लिहून घेतलं. मी सांगतोय आणि त्या उतरवून घेतायत, हे मला जरा अवघडच वाटलं.

पहिली गाडी पाहिली अकोल्यात, जुन्या गाड्या विकणाऱ्या एकाकडे. पांढरी, लखलखीत. दार उघडलं तर आत अत्तराचा एवढा वास की शंका आली. मी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला. जो भाग एरवी आत गुंडाळलेला असतो त्यावर गाळाची पिवळी रेघ होती. सीटखालच्या पट्ट्या गंजलेल्या. गाडी कुठंतरी पुरात बुडाली होती. मी बाईंना तो पट्टा दाखवला. बाईंनी बोट फिरवून पाहिलं, दुकानदाराकडे पाहिलं, आणि आम्ही निघालो. परतताना त्या खुशीत होत्या. "गाळ काढलास रे तू," म्हणाल्या.

त्यानंतर दोन दिवसांनी त्यांचा भाऊ गॅरेजवर आला. उभ्याउभ्याच बोलला.

"तुमी माह्या बहिणीले गाडी दाखवून राह्यले म्हणे."

"त्यांनी सांगतलं म्हणून दाखवतो भाऊ."

"तिले समजवा. तेवढ्या पैशात अनसिंगले लागूनच वावर भेटून राह्यलं. जमीन कुठं जात नाही. गाडीचं काय?" मग आवाज उतरवून म्हणाला, "ती माहं ऐकत नाही. तुमचं ऐकते. पुढची गाडी पाहाले जासान त काहीतरी खोट काढा. एक-दोन डाव असं झालं का तिचा नाद सुटते."

मी हो म्हणालो नाही. पण नाहीही म्हणालो नाही. खरं सांगायचं तर मलाही ती गाडी बाईंना पेलणार नाही असंच वाटत होतं. वाशीमला तिचा साधा दिवासुद्धा मिळत नाही. काही बिघडलं की नागपूर. साठीला टेकलेली बाई, एकटी, कुठं धावत बसणार? मी मनाला समजावलं की यात त्यांचंच भलं आहे.

दुसरी गाडी नागपूरला होती. मालक एक वयस्क डॉक्टर. मुलीकडे कायमचे राहायला जाणार होते म्हणून विकत होते. गाडी दीड वर्षाची, राखाडी रंगाची, फार चाललेली नव्हती. मी तास-दीड तास पाहिली. इंजिन थंड असताना चालू करून पाहिलं. इंजिनातले दोष दाखवणारा स्कॅनर लावला. चाकं काढून पाहिली. दारांचे नट-बोल्ट पाहिले, कुठं पाना लागलेला नव्हता, म्हणजे दारं कधी उतरवलेली नव्हती. सर्व्हिसिंगची पावती न् पावती फाइलमध्ये लावलेली. इतकी निर्दोष गाडी मी फार कमी वेळा पाहिली आहे.

बाईंनी ती स्वतः चालवली. कॉलनीतल्या रस्त्यावरून दोन फेऱ्या मारल्या, मी शेजारी बसलो होतो. त्यांनी सीट पुढं घेतली, वर घेतली, आरसा ठीक केला. गाडी थांबवली तरी त्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवरच होते.

"काय म्हणतोस?" त्यांनी विचारलं.

"गिअरबॉक्समध्ये झटका आहे बाई," मी म्हणालो. "दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधात."

"मले त नाही जाणवला."

"तुमाले नाही जाणवणार."

त्यांनी हात खाली घेतले. उतरल्या आणि डॉक्टरांना शुद्ध भाषेत, वर्गात बोलायच्या तसं म्हणाल्या, "आमचे मेकॅनिक म्हणतात, गिअरबॉक्समध्ये दोष आहे. क्षमा करा." डॉक्टर चकित झाले. "असं कसं? मागच्याच महिन्यात सगळं तपासून घेतलं," म्हणाले, आणि माझ्याकडे पाहू लागले. मी स्कॅनरची वायर गुंडाळत बसलो.

परत येताना शेलूबाजारला चहासाठी थांबलो. बाईंनी माझ्यासाठी भजी मागवली. म्हणाल्या, "बरं झालं तू होतास. मी एकटी गेली असती त घेतलीच असती." भजी गरम होती. मी ती कशीबशी खाल्ली.

तरीही मी गप्पच राहिलो असतो. पण दहा-बारा दिवसांनी बाईंबरोबर नोकरी केलेले एक गुरुजी गॅरेजवर आले. मुलीसाठी जुनी गाडी पाहायची होती. म्हणाले, "बाईनं पाठवलं. त्या म्हणे, खरं सांगणारा माणूस आहे, डॉक्टरच्या तोंडावर सांगतलं त्यानं." गुरुजींचं काम मी केलं. पण त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. पुढच्या रविवारी सकाळी मी बाईंच्या घरी गेलो.

त्या ओसरीवर सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी निवडत बसल्या होत्या. मी बसलो नाही. बसलो असतो तर इकडचं तिकडचं बोलत राहिलो असतो.

"बाई, नागपूरच्या गाडीत झटका नव्हता."

त्यांनी मान वर केली.

"काहीच नव्हतं. गाडी चांगली होती. मी खोटं बोललो."

त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली. मग विचारलं, "भावानं सांगतलं तुले?"

"सांगतलं. पण बोललो त मीच न बाई. अन् मलेही वाटलं, तुमच्याच्यानं ते सांभाळणं होणार नाही."

"मी तुले सल्ला मागतला होता," बाई म्हणाल्या. "परवानगी नव्हती मागतली."

आवाज चढला नव्हता. वर्गातसुद्धा त्यांचा आवाज कधी चढत नसे. मग त्यांनी फोन घेतला आणि डॉक्टरांना लावला. मला वाटलं, गाडी आहे का विचारतील. पण त्या म्हणाल्या, "तुमच्या गाडीत काही दोष नव्हता. तसं आम्ही म्हणालो ते चूक होतं. तुम्हाला ते मनाला लागलं असेल म्हणून फोन केला." पलीकडून डॉक्टर काहीतरी बोलत राहिले. गाडी आठवड्यापूर्वीच गेली होती. बाईंनी त्यांच्या मुलीची चौकशी केली, प्रवासाला शुभेच्छा दिल्या आणि फोन ठेवला.

"जा आता," मला म्हणाल्या. "मले राग आला आहे. राग गेला का मी फोन करीन."

फोन आला नाही. एक महिना गेला, दुसरा अर्धा गेला. छोट्या गाडीचं सर्व्हिसिंग त्यांनी दुसरीकडं करून घेतलं, हे मला कळलं. ते बरोबरच होतं, पण लागलं.

आला तो भाऊ. या वेळी तो बसला, एका जुन्या टायरवर.

"ती माह्यासंगही बोलत नव्हती," तो म्हणाला. "परवा बोलली. मले विचारलं, तुले वावर पाह्यजे का मी गाडी चालवलेली नको? तवा सांगतलं तिले."

"काय सांगतलं?"

तो जमिनीकडे पाहत होता. त्याच्या मुलाचा तीन वर्षांपूर्वी शेलूबाजारच्या अलीकडे मोटारसायकलवर अपघात झाला होता. पायात सळई आहे, अजून लंगडतो. ते मला ठाऊक होतं. "त्या दिवशी मलेच फोन आला होता," भाऊ म्हणाला. "तवापासून घरातल्या कोणी हायवेले गाडी काढली का मले घरात बसवत नाही. ती परत येईपर्यंत मी गच्चीवरच असतो. बहिणीले हे कसं सांगाचं? म्हणून वावराचं काढलं." मग त्यानं विचारलं, "त्या मोठ्या गाडीत माणूस वाचते म्हणतात. खरं आहे का?"

गॅरेजमध्ये तशी गाडी नव्हती. मी कागदावर चित्र काढून दाखवलं. पुढच्या एअरबॅग कुठं, बाजूच्या कुठं, ब्रेक कसे आपोआप सावरतात. कोणतीच गाडी सगळ्यातून वाचवत नाही, हेही सांगितलं. त्यानं कागदाची घडी करून खिशात घातली.

दोन दिवसांनी बाईंचा फोन आला. "अमरावतीले एक आहे. रविवारी चाल. भाऊही येतो म्हणते."

त्या दिवशी बाईंनी वही उघडली आणि मला गाडीपाशी उभं केलं. "एक एक सांग. मालकासमोर सांग." मी सांगितलं. तीन टायर एका कंपनीचे, चौथा वेगळा, म्हणजे एक बदलला आहे. पुढच्या बंपरखाली घासलेलं आहे. चावी एकच आहे, दुसरी कुठं गेली ते विचारा. बॅटरी वर्षभरात बदलावी लागेल. इंजिन, गिअरबॉक्स ठणठणीत. बाकी, भाग नागपूरहून मागवावे लागतील आणि त्याला वेळ लागेल, हेही मी बजावलं. बाईंनी सगळं लिहिलं. मालकानं कपाटातून दुसरी चावी शोधून आणली. मग बाई गाडीत बसल्या, दार लावलं आणि काचेतून मला विचारलं, "तू माह्या जागी असता त घेतली असती?"

"मी नसती घेतली," मी म्हणालो. "पण गाडी चांगली आहे."

"बरं," म्हणाल्या, आणि त्यांनी ती घेतली.

कागदपत्रं नावावर व्हायला, विमा बदलायला काही दिवस गेले. मग आम्ही तिघं ती आणायला गेलो. बाई ताशी साठच्या वर गेल्या नाहीत. मागून येणारा प्रत्येक ट्रक आम्हाला ओलांडून गेला. भाऊ मागं बसला होता, खिडकीवरची कडी दोन्ही हातांनी धरून. तो एकदाही हळू चालव म्हणाला नाही. घरासमोर उतरताना फक्त म्हणाला, "घाम आला मले. एसी चालू होता न?"

सहा महिन्यांत माझं म्हणणं खरं ठरलं. कुठल्याशा ब्रेकरला गाडीचं पोट जोरात आपटलं आणि खालचा एक सेन्सर तुटला. तो भाग यायला तीन आठवडे लागले. गाडी माझ्याकडं ताडपत्रीखाली उभी. बाई दर दोन-तीन दिवसांनी फोन करायच्या, "आला का रे?" मी नाही म्हणायचो. "बरं," म्हणायच्या आणि ठेवून द्यायच्या. त्यांना तेव्हा पुसदला लग्नाला जायचं होतं.

भाग आला तो लग्नाच्या आदल्या दिवशी. दुपारपर्यंत मी बसवून दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई गाडी न्यायला आल्या त्या एकट्या नव्हत्या. सोबत शाळेतल्या तीन निवृत्त शिक्षिका होत्या, सगळ्या जरीच्या साड्यांत. पुढं कोण बसणार यावर थोडी बोलाचाली झाली. मग मागच्या दोघींना एसीची हवा सरळ अंगावर येत होती, ती कुठून वळवायची यावर झाली. बाईंनी मला काच खाली करून विचारलं. मी दाखवलं. तोवर मागच्या एकीनं दुसरंच काहीतरी दाबलं होतं आणि तिची सीट गरम व्हायला लागली होती. चौघी हसत होत्या. गाडी तशीच, इंडिकेटर चालू ठेवून, पुसदच्या रस्त्याला लागली.