ऐकायचं सगळ्यांचं

बसलिंग गुरुजींची आणि माझी पहिली भेट जळकोटला एका कडब्याच्या खोलीत झाली. मला तिथे कोंडून घातले होते आणि गुरुजी माझा निवाडा करायला आले होते. गौरवग्रंथातला लेख अशा प्रसंगाने सुरू करू नये, असे संपादकांनी सुचवले. पण ओळख जिथे झाली, तिथूनच मी सांगणार.

तेव्हा निजामाचे राज्य होते. सरहद्दीपलीकडच्या स्वातंत्र्यसैनिकांच्या छावणीतून गावोगाव निरोप जात आणि ते पोलिसांना कळू नयेत म्हणून लोकांनी एक आडबोली रचली होती. गंमत अशी, की प्रत्येक गावाने ती आपापल्या परीने रचली. पोलिसांना वाशीचे बाजारकरी ‘मापाडी’ म्हणत, जळकोटचे शेतकरी ‘तांबेरा’ म्हणत आणि आम्ही लोहाऱ्याचे लोक ‘गोचीड’ म्हणत असू. निरोपाने वेस ओलांडली की त्याचा पार विचका होई. शाळामास्तर असलेल्या गुरुजींनी वर्षभर खपून या साऱ्यांतून एक प्रमाण आडबोली बसवली; तिच्यात पोलीस म्हणजे ‘तांबेरा’च ठरला. तिच्यावर त्यांचा भारी जीव! एखाद्याचा शब्द चुकला, तर निरोप राहिला बाजूला, आधी शब्द सुधारून घेत. आलेल्या निरोप्याला त्या बोलीत प्रश्न विचारायचे आणि मगच भाकरी वाढायची, असा दंडकच पडला.

आमच्या गावापर्यंत ती प्रमाण बोली पोचलीच नव्हती. मी चालत जळकोटला, माणसे लपली होती त्या घरी आलो आणि निरोप सांगितला: “गोचीड पहाटं गोठ्यात शिरनार, जनावरं हलवा.” म्हणजे पोलीस पहाटे येणार, लपलेली माणसे हलवा. घरधन्यांनी विचारले, “तांबेरा कुठवर आलाय?” मला वाटले, पिकाचेच विचारतायत; म्हणालो, “औंदा ज्वारी चांगली हाय.” झाले, खोलीला कडी लागली.

शाळा सुटल्यावर गुरुजी आले. घरधनी म्हणाले, “गुरुजी, ह्याला तांबेरा ठावं न्हाय. खबऱ्या हाय ह्यो. ह्याचं ऐकून मानसं भाईर काढली आन् वाटंतच धरली तर?”

गुरुजींनी मला सांगितले, “तुज्या गावचं बोल. लागंल तेवडं बोल.” मी घाबरून बोलत सुटलो. ते डोळे मिटून ऐकत होते.

“सोडा त्याला,” ते म्हणाले. “आपले शब्द ठाण्यात कवाच पोचलेत. खबऱ्या असता तर तेच घोकून आला असता. ह्यो आपल्या घरचं बोलतोय, कुठं अडतच न्हाय.”

“आन् चुकलं तर?”

“म्या म्होरं चालतो. धरलं तर आदी मला धरतील.”

दिवस मावळताच माणसे निघाली आणि गुरुजी सर्वांच्या पुढे चालले. पहाटे पोलिसांना गोठ्यात नुसते शेण सापडले.

पुढच्या बैठकीत गुरुजींनी आपली ती वर्षभराची मेहनत स्वतःच मोडीत काढली. नवा नियम एकच: बोलायचं ज्यानं त्यानं आपल्या गावचं, ऐकायचं सगळ्यांचं. मग वाशी आणि लोहाऱ्याचे शब्द शिकायला तेच पहिले बसले. एवढा हट्टी माणूस इतका सहज वळताना मी दुसरा पाहिला नाही.

पुढे त्यांनीच मला पदरची फी भरून शिकवले आणि मास्तर केले. त्यांच्या वर्गात ‘म्या’ आणि ‘न्हाय’ म्हणणाऱ्या मुलाला कुणी हसले, तर हसणाऱ्याला बाहेर उभे राहावे लागे. तपासणीला आलेले साहेब एकदा म्हणाले, मुलांची भाषा अशुद्ध आहे. गुरुजी नम्रपणे म्हणाले, “साहेब, पोरं बोलत्यात हे आदी बघा. मुकी केली तर शुद्द कुनाला करू?” मराठी शिकवणाऱ्या मास्तरांनी हे मुद्दाम आपल्या बोलीत सांगावे, याचे मला आजही हसू येते आणि अभिमानही वाटतो.

आता गुरुजींना ऐकू कमी येते. परवा मी गेलो तेव्हा त्यांनी कानाशी हात धरला आणि मला जवळ ओढले. माझ्या तोंडून आपसूक लोहाऱ्याचेच बोल निघाले आणि एकही शब्द त्यांनी पुन्हा विचारला नाही.

गुरुजी, तुम्हाला निरोगी शंभरी लाभो. त्या दिवशी तुमी ऐकलं म्हून आज म्या बोलतोय. आजूक लई बोलायचं हाय. ऐकत ऱ्हावा.