ताडपत्र्या तळाला

बोईसरला आमच्या शेजारी एकनाथ ढवळे राहतात. मूळचे बार्शीचे. तारापूरच्या एका कारखान्यात ते स्टोअरकीपर आहेत. जगातल्या सगळ्या अडचणींवर त्यांच्याकडे एकच उपाय आहे: जड माल खाली, हलका वर. भाजीची पिशवी ते याच तत्त्वावर भरतात आणि लग्नातल्या बुफेचं ताटही. आधी लाडू, त्यावर भात, शिखरावर पापड. खालचा लाडू सापडेपर्यंत आइस्क्रीम संपलेलं असतं. पण ताट आजवर एकदाही कलंडलेलं नाही.

मे महिन्यात समुद्रावरून वादळ आलं आणि घिवलीतल्या मच्छीमारांच्या घरांवरचे पत्रे घेऊन गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच बोईसरकर मदतीला धावले. आलेल्या संकटात आपलं कपाट आवरून घ्यावं, हा विचार अनेकांना एकदमच सुचला. शेरवानी आली, टाय आले, ऐन मे महिन्यात लोकरीचे स्वेटर आले. शिवाय तांदूळ, आणि कारखान्यानं दिलेल्या ताडपत्र्या. संध्याकाळी पुन्हा पाऊस येणार होता. त्याआधी ताडपत्र्या छपरांवर चढणं हे खरं काम. बाकीचं पुढच्या आठवड्यात गेलं असतं तरी चाललं असतं.

टेम्पो अर्थातच ढवळ्यांनी भरला. सगळ्यात जड ताडपत्र्या. त्या तळाला गेल्या. त्यांवर तांदळाची पोती, त्यांवर कपड्यांची गाठोडी. दोर आवळून ते चार पावलं मागे सरकले आणि नव्यानं बांधलेल्या घराकडे बघावं तसं टेम्पोकडे बघत राहिले.

घिवलीत पोचेपर्यंत आभाळ दाटलं होतं. वाडीतल्या बायकांच्या पुढे हिराबाई उभ्या होत्या. जन्मभर मासळी विकलेली बाई. त्यांचा आवाज वादळालाही ऐकू गेला असणार.

"ताडपत्री हाय का?"

"आहे ना. भरपूर."

"कुठं हाय?"

"तळाला."

हिराबाईंनी टेम्पोचा शेंडा पाहिला, आभाळ पाहिलं, मग ढवळ्यांना पाहिलं.

"शेट, तुमी तर नवरीला गाडीत तळाला घालाल नि वर वऱ्हाड बसवाल."

"जड माल खाली नसला तर गाडी उलटते, मावशी."

"उलटली असती तर बरं झालं असतं. ताडपत्र्या वर आल्या असत्या."

ढवळ्यांनी खालचा चिखल दाखवला आणि कोरडी जागा मिळाल्याशिवाय माल उतरणार नाही, असं जाहीर केलं.

"साहब, बारिश आ रहा है," ड्रायव्हर बबलू म्हणाला.

"दिसतंय मला."

हिराबाईंनी वाट पाहिली नाही. "पोती शाळेच्या पडवीत न्या गो! नि कपडे मांडवावर."

मांडव म्हणजे बोंबील सुकवायचे बांबू. वाऱ्याला अडवायला त्यांच्यात काहीच नसल्यामुळे ते वादळातही उभे राहिले होते.

"अहो, कपड्यांना मासळीचा वास लागेल!"

"कसला वास?" हिराबाईंनी खरोखरच विचारलं.

बायकांनी साखळी धरली. बोट रिकामी करायची सवय. टेम्पो बघता बघता उघडा पडला. बोंबील जोडीनं, जबड्यात जबडा अडकवून टांगतात. हाताला तेच वळण, म्हणून टायसुद्धा दोन-दोन एकमेकांना गाठ मारून बांबूवर गेले. शेरवानीला जोडीदार मिळेना, तेव्हा तिला एका स्वेटरशी जोडून दिलं. ढवळे हे सगळं तोंड उघडं ठेवून बघत होते.

"शेट, तोंड मिटा, नायतर तुमाला पण टांगतील!" हिराबाई ओरडल्या.

तेवढ्यात तळाची पहिली ताडपत्री दिसली. ढवळे टेम्पोत चढले आणि ओणवे होऊन एकेक ओढून देऊ लागले. वाडीतले पुरुष छपरांवर चढले. माणसं कमी पडली तेव्हा ढवळेही शिडी चढले. हिराबाईंच्या घराची शेवटची गाठ ते मारत होते, तेव्हा पहिला टपोरा थेंब त्यांच्या टकलावर पडला.

पाऊस असा आला की समोरचं घर दिसेना. ढवळे आत कोपऱ्यात बसले. चूल धुमसत होती. हिराबाईंची नात गोधडीत झोपली होती आणि गोधडी कोरडी होती. ढवळे मान वर करून प्रत्येक शिवण तपासत होते.

"चा घ्या, शेट. वर काय बघता?"

"गळतंय का बघतोय."

"नाय गळत."

"थांबा जरा," ढवळे म्हणाले आणि चहा निवेपर्यंत वरच बघत राहिले.

बाहेर मांडवांवर सगळं बोईसर जोडीजोडीनं भिजत होतं. ते काढायला कोणी उठलं नाही. ढवळेही नाहीत.