पंचफुला मावशींची सळाख

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. पंचफुला मावशींचा पाय भाजला त्या सकाळी मी त्यांच्याशी खोटं बोललो, आणि ते खोटं खरं वाटावं म्हणून त्यांच्या हातात एक सळाख दिली. सात वर्षं झाली. अजूनही कुठे काडीकचरा जळल्याचा वास आला की माझे पाय जागीच गारठतात.

मावशींना मी पहिल्यांदा पाहिलं तेच त्या सळाखेसोबत. रोहण्याजवळ आमच्या शेतकरी गटाचं खताचं आवार होतं. मी तिथे देखरेखीला, त्या मजुरीला. कापूस वेचून झाल्यावर वावरात उभी राहणारी पऱ्हाटी लोक पेटवून देतात. आम्ही ती यंत्रात बारीक करून, शेणकाला शिंपून, तिचे माणसाच्या उंचीचे ढीग लावायचो. साठीची एक काटकुळी बाई एका ढिगात लांब लोखंडी सळाख खुपसून शेजारी चहा पीत बसली होती. चहा संपला तशी तिनं सळाख उपसली, टोक मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवलं आणि डोळे मिटले. लेकराचं अंग पाहावं तसं.

"याले आज ताप बरा हाये," ती म्हणाली.

मी हसलो.

"हासू नको, मॅनेजर. ढिगाले ताप आला पाह्यजे, पन फणफणला नाई पाह्यजे. फणफणला का थो आतून सोताले खाते."

मी त्यांच्या लेकरांच्या वयाचा. म्हणून 'मॅनेजर' हा टोमणाच असायचा. लाडात असल्या की 'सुदाकर'.

पऱ्हाटी फार चिवट. आधी पानं, बोंडांची टरफलं कुजतात आणि ढीग तापतो. काडी मात्र तशीच राहते. पुढे तिच्यावर पांढरी बुरशी चढते, साल सुटते आणि सालीचे तागासारखे धागे निघतात. मावशी मूठभर खत उचलून त्यातला एक धागा दोन्ही हातांनी ताणायच्या. तुटला नाही तर ढीग पुन्हा पालटायचा, पुन्हा पाणी. एकदा मी घाई केली, "मावशी, महिने भरले आता, भरू का पोत्यात?"

त्यांनी धागा माझ्या नाकासमोर ताणून धरला. "तुह्या कागदावर भरले असतीन. याले कोनी सांगतलं नाई. हे कच्चं वावरात टाकशीन त पिकाच्याच ताटातलं खाईन, मंग पिवळ्या पराटीकडे पाहत बसजो."

मनगट, धागा आणि नाक. एवढ्या तीन गोष्टींवर आमचं आवार चालायचं. पवनारकडचे भाजीवालेसुद्धा खत नेताना आधी विचारायचे, मावशींनी पाहिलंय का?

त्या वर्षी एप्रिलात त्यांची लेक आर्वीला बाळंत झाली. मावशी नऊ दिवस तिकडे राहणार होत्या. जाताना मला कोपऱ्यातल्या मोठ्या ढिगापाशी नेलं. "हा मोठा हाये अन् अंदरून सुकून राह्यला. रोज सळाख लावजो. हात टेकवला जाईना, त पानी मार अन् फोड त्याले. विसरशीन नाई न?"

"नाई मावशी."

दोन दिवस मी सळाख लावली. तिसऱ्या दिवशी मी मनगटाला टोक लावून उभा असताना कामावरच्या बायकांपैकी एक ओरडली, "मॅनेजर, ढिगाले कळा सुरू झाल्या का?" सगळ्या हसल्या. मीही हसलो, सळाख टिनाच्या शेडला मागून टेकवून ठेवली, आणि मग ती तिथेच राहिली. एवढंच कारण. याहून मोठं कारण मी सात वर्षं शोधतो आहे, सापडत नाही.

सातव्या दिवशी मला भाजका वास आला. आमच्याकडे उन्हाळ्यात धुरे, म्हणजे शेताचे बांध, पेटवतात, पऱ्हाट्या पेटवतात, दिवसभर आभाळ धुरकट असतं. धुऱ्याचाच वास, असं मी स्वतःला सांगितलं. पण आवारात चालताना त्या कोपऱ्याकडे जाणं मी टाळू लागलो. भीती तेव्हाच सुरू झाली होती.

दहाव्या सकाळी मावशी एसटीतून उतरून, हातात पिशवी तशीच, थेट आवारात आल्या.

"नातीन झाली! काय म्हनते माहा ढीग?"

"कोमट हाये, मावशी."

"रोज पाह्यला?"

"रोज."

त्यांनी नाक वर केलं. "वास येऊन राह्यला रे."

"धुरे जाळून राह्यले लोक."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मग मान डोलावली, पिशवी ठेवली आणि ढीग वरून मोकळा करायला फावडं घेऊन चढल्या. वरून ढीग थंडच होता. पऱ्हाटीचा भुसा आतली आग बाहेर कळू देत नाही. तिसऱ्या पावलाला त्यांचा उजवा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. आत खत नव्हतंच. राख होती, आणि राखेखाली लाल निखारा.

त्या ओरडल्या नाहीत. "अगं माय" एवढंच, अगदी हळू. दोघी बायकांनी त्यांना ओढून काढलं. चपलेचं प्लास्टिक पायाला चिकटलं होतं. कुणी पाणी ओतत होतं, कुणी मालवाहू रिक्षा आणायला पळालं. मी नुसता उभा होतो. तेवढ्यात शेडच्या सावलीतून मावशींचा आवाज आला, "सुदाकर, त्या ढिगाले सळाख लावून आन बरं."

सळाख शेडमागे होती. कोरडी, गंजलेली, टोकाला कोळ्याचं जाळं. मी ती शेजारच्या लहान, निवत आलेल्या ढिगात खुपसली. पलीकडे बायका रडत होत्या आणि मी सळाख ओली व्हायची, कोमट व्हायची वाट पाहत होतो. मग ती मावशींना नेऊन दिली.

त्यांनी टोक मनगटाला लावलं. डोळे मिटले. बराच वेळ लावून ठेवलं.

"कोमटच हाये बापा," त्या म्हणाल्या. "आतमंदी इंगोल अन् सळाख कोमट. माहा हात मेला रे."

तेव्हा बोलायला हवं होतं. रिक्षा आली.

वर्ध्याच्या दवाखान्यात त्यांच्या पायाची तीन बोटं काढली. त्या आता आर्वीला लेकीकडे असतात, काठी घेऊन चालतात. गटाचे लोक दोनदा बोलवायला गेले. नुसतं बसून सांगा म्हणाले. त्यांनी हात जोडले. "माह्या हातावर भरोसा ठेवू नका. सुदाकरनं रोज पाह्यलं होतं, समजलं मलेच नाई." आवारात आता दांडीचा तापमापक आहे. पोरं आकडा वाचतात आणि पोती भरतात. धागा कुणी ताणत नाही.

मी दर दिवाळीला जातो. दारात पोचेपर्यंत वाटत असतं, आज त्या विचारतील. त्या विचारत नाहीत. गेल्या खेपेला लेकीनं चहा आणला. मावशींनी कप दोन्ही हातांत धरला, तोंडाशी नेला आणि थांबल्या. मग जवळ बसलेल्या नातीकडे कप पुढे केला.

"पाहून सांग वं, गरम हाये का?"

नातीनं बोट लावून पाहिलं, हो म्हणाली, तेव्हा मावशींनी फुंकर मारली. मी माझा चहा तसाच टाकून उठलो. "बस न रे, एवढी काय घाई?" मागून त्या म्हणाल्या. एसटी चुकेल म्हणालो. तेही खोटंच होतं.

मावशींचं आता वय झालं आहे, आणि मला भीती एकाच गोष्टीची वाटते, की माझ्याआधी त्या जातील. त्यांच्यासमोर बसून मला दोन वाक्यं बोलायची आहेत: "मावशी, सळाख दुसऱ्या ढिगातली होती. तुहा हात मेला नाई." ती मी अजून बोललेलो नाही.