दुसरं मत

नगरचे शांतवन उजागरे लखनऊत एका प्रयोगशाळेत कामाला होते. २०१२च्या विधानसभेला दोन्ही बड्या पक्षांची माणसं दारू वाटत सुटली, तेव्हा त्यांनी हजरतगंजातल्या अपक्ष मास्तरीणबाईंना मत द्यायचं ठरवलं.

“वाया जाईल,” बायको पद्मिनी वैतागली. तरी मतदानाला निघण्यापूर्वी दोघं नेहमीसारखी प्रार्थनेला बसली.

“प्रभो, आम्हाला खोट्याचे वाटेकरी करू नकोस,” एवढंच मागून शांतवन उठले आणि दोघंही मत देऊन आली.

बाई सपशेल पडल्या. पण उजागऱ्यांच्या बूथवर त्यांना चक्क दोन मतं होती.

“मोहल्ल्यात आपल्यासारखा आणखी एक वेडा आहे,” शांतवन खुशीत घरभर सांगत फिरले.

पद्मिनीनं तव्यावरची पोळी उलटली. “प्रार्थना तुमची होती,” ती म्हणाली, “पण आमेन मी म्हटलं होतं ना.”