सुधाआत्याची विकतची पुस्तकं

पुस्तक विकत घेतलं की आमची सुधाआत्या दुकानदाराला बजावायची, "आता हे माझं. परत मागायला येऊ नका." दुकानदार हसायचा. आत्या हसत नसे.

नारायण पेठेतल्या तिच्या दोन खोल्यांत माणसाला बसायचं तर आधी पुस्तकं उचलावी लागत. पुढे डोळ्यांचा पडदा दुखावला, छापील अक्षरं पुसट झाली, तेव्हा ई-बुकचं यंत्र मीच आणून दिलं. मी आयटीतला. म्हणजे पगारपत्रकांचं सॉफ्टवेअर सांभाळतो, पण घरात मला संगणकाचा धन्वंतरी समजतात. यंत्रावर अक्षर बोराएवढं करता यायचं. आत्या पुन्हा वाचू लागली, पेन्शनमधून ई-बुकं घेऊ लागली.

मग कंपनीनं ई-बुकांचा तो प्रकारच बंद केला. जुनं यंत्र बिघडलं आणि नव्यात तिची पुस्तकं उघडेनात. एक कादंबरी तर अर्धीच राहिली होती. आत्यानं कंपनीला फोन लावला.

"मॅडम, तुम्ही पुस्तक नाही, वाचायची परवानगी घेतली होती."

"अहो, बटणावर 'विकत घ्या' लिहिलं होतं. 'परवानगी मागा' असतं तर मी रीतसर अर्ज केला असता."

"नवीन आवृत्तीवर सवलत देऊ, मॅडम."

"म्हणजे माझीच साडी मला सेलमध्ये विकताय?"

मी म्हटलं, "आत्या, सोड ना. दोन मिनिटांत त्या ई-बुकांचं डिजिटल कुलूप तोडतो."

"चोरून?" ती कडाडली आणि माझ्याशी बोलणंच बंद केलं.

पुढच्या रविवारी मात्र तिनंच बोलावलं. दार सताड उघडं. शेजारच्या लेलेबाई खुर्चीत साक्षीला बसवलेल्या. "बघा हो, आम्ही आमच्याच घराचं कुलूप तोडतोय. लपूनछपून काही नाही."

दोन मिनिटांची संध्याकाळ झाली. लेलेबाई दोनदा चहा पिऊन गेल्या. कुलूप निघालं नाही.

"तुमच्याकडे लोकांचे पगार तरी वेळेवर होतात ना रे?" आत्या म्हणाली.

शेवटी त्या कादंबरीची छापील प्रत मी ग्रंथालयातून आणली. म्हटलं, वाचून दाखवतो.

"दुसऱ्याच्या वेगानं रडायचं का मी?"

पण ऐकायला बसली. मध्येच हात वर करायची, की मी थांबायचं. खाली रिक्षा वाजत राहायच्या. बऱ्याच वेळानं म्हणायची, "हं. पुढे."

आत्या गेली. तेराव्यानंतर तिचं खातं बंद करायला कंपनीला कळवलं. त्यांच्या संगणकानं आपोआप लिहिलेलं उत्तर तत्काळ आलं : आपली सर्व पुस्तकं आमच्याकडे सुरक्षित आहेत.

कोणापासून, ते लिहिलेलं नव्हतं.