घरच्या दिवसाची गोळी

निरवांगीच्या आबाजीचा हात थरथरतो हे गावात फार थोड्यांना ठाऊक होतं. बाकीच्यांना ते कळू नये, याची सगळी तजवीज त्याची बायको सारजा करत असे. पार्किन्सन हे नाव काही तिच्या तोंडी बसलं नाही. ती आजाराला नुसतं ‘ते’ म्हणे. "आज त्यास्नी ते जास्त हाय," एवढं बोलली की घरात सगळ्यांना समजे.

आबाजी मूळचा मेंढरांमागचा माणूस. कळप विकून शेती धरली त्याला बरीच वर्षं झाली, तरी लोकर कातरायची वेळ आली की आसपासच्या वस्त्यांवरून त्याला बोलावणं यायचंच. मेंढीच्या अंगावर ओरखडा न उमटवता कातर चालवणारा माणूस, असं त्याचं नाव होतं. पुढं त्याच हाताला सदऱ्याचं बटण लागेना. वय झालं म्हणून आधी सोडून दिलं. मग बारामतीच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि गोळ्या लिहून दिल्या. रोज, ठरल्या वेळी आणि कायमच्या.

गोळ्यांनी गुण आला, यात वाद नाही. गोळी पोटात गेली की काही वेळानं हात शांत होई, पाय मोकळे होत आणि चेहऱ्यावर हसू येई. कारण ह्या आजारात नुसता हात जात नाही, चेहराही गोठतो. मनात हसू असलं तरी ते गालापर्यंत पोचत नाही.

औषधाचा खर्च मुलगा नागेश उचलायचा. तो बारामती एमआयडीसीत दुधाच्या कारखान्यात कामाला होता, रोज पहाटे मोटारसायकलवरून जायचा तो रात्री उशिरा परतायचा. खर्चानं तो मेटाकुटीला यायचा, पण आईबापापुढं अवाक्षर काढायचा नाही. आता पोरगा बोलत नाही म्हटल्यावर ह्या दोघांनी गुमान औषध घ्यावं की नाही? पण नाही. पोराच्या संसारावर आपलं ओझं पडतंय हे दोघांच्याही जिवाला लागून राहिलेलं. मग त्यांनी आपसात एक शहाणपण काढलं. बाजार असला, लग्नकार्य असलं, भावकीची बैठक असली तरच गोळी घ्यायची. घरच्या दिवशी नाही. ज्या दिवशी कुणापुढं जायचंच नाही, त्या दिवशी हात थरथरला काय आणि न थरथरला काय! नागेशनं विचारलं की आबाजी म्हणायचा, "पुरत्यात की रं. अजून बक्कळ हायती."

नागेश बिचारा मदतीसाठी वणवण करतच होता. स्वस्त औषधांच्या दुकानात एक गोळी मिळे, दुसरी कधी असे, कधी नसे. ओळखीच्या चार जणांना विचारलं, तर चौघांनी चार वाटा दाखवल्या. शेवटी कामावरच्या दादासोनं त्याला बारामतीतल्या एका संस्थेचं नाव सांगितलं. "ज्यांना औषध झेपत न्हाय त्यांना ती लोकं दर महिन्याला देत्यात. पण त्यांचा डॉक्टर आधी तपासतो. त्याला पटलं तरच."

तपासणीचा दिवस ठरला आणि सारजा कामाला लागली. मेंढा बाजारात न्यायचा असला तर आधी आठ दिवस त्याला नीट चारायचं, अंघोळ घालायची, शिंगांना तेल चोळायचं, हे तिच्या अंगात मुरलेलं. दाखवायला न्यायचं ते नीट करून न्यायचं. तिनं साठवलेल्या गोळ्या बाहेर काढल्या आणि आठवडाभर आबाजीला एकही वेळ न चुकवता दिल्या. त्या दिवशी दाढी करवून घेतली, पांढरंशुभ्र धोतर नेसायला दिलं आणि नागेशच्या लग्नातला फेटा बांधला. म्हातारा असा दिसायला लागला की कुणी त्याच्याकडंच मदत मागावी. वाटेत जंक्शन नावाच्या गावी एसटी बदलून दोघं बारामतीला पोचली. नागेश कामावरून परस्पर आला.

डॉक्टरांनी आबाजीला चालायला सांगितलं. तो रुबाबात चालला. हात पुढं करायला सांगितला. तो जवळपास स्थिर होता. सारजाची मान ताठ झाली.

डॉक्टर खुशीत म्हणाले, "फार छान. औषध अगदी वेळेवर चाललेलं दिसतंय. असंच चालू ठेवा." मग ते नागेशकडं वळले. "आमच्याकडे औषध मोजकंच येतं. ज्यांचं औषध पैशांवाचून बंद पडलंय, त्यांना आधी द्यावं लागतं. तुमचं तसं दिसत नाही."

यात डॉक्टरांची काय चूक? त्यांनी समोर दिसलं ते पाहिलं.

बाहेर व्हरांड्यात आल्यावर सारजाचा तोल गेला. "आठवडाभर येळच्या येळी गोळ्या दिल्या," ती म्हणाली, "समद्या वाया गेल्या."

नागेश थबकला. "आठवडाभर? मंग एरवी?"

आईनं पदर सारखा केला. बाप भिंतीवरचं कॅलेंडर बघायला लागला. नागेशच्या सगळं ध्यानात आलं. त्याला भयंकर राग आला, आणि राग आला की त्याच्या डोळ्यांत पाणी येतं, ही त्याची लहानपणापासूनची खोड. "मी कुणासाठी मरतोय मंग?" एवढंच बोलून तो बाकावर बसला.

रुग्णांच्या घरच्यांशी बोलायचं काम संस्थेत श्यामलाबाई करायच्या. त्या दारातच उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "मावशी, हे आत का नाही सांगितलंत?"

"चांगलं दिसावं म्हणूनशान तर एवढं केलं, बाई. आजारी माणूस तसाच उचलून कसा आणायचा डाक्टरपुढं?"

श्यामलाबाईंना हसू आलं आणि वाईटही वाटलं. त्या आत जाऊन डॉक्टरांशी बोलल्या. बाहेर येऊन त्यांनी समजावलं की हे औषध आपल्या मनानं असं बंद-चालू करणं धोक्याचं आहे. पुढच्या आठवड्यात डॉक्टर पुन्हा बघतील. तोवर गोळ्या रोज वेळेवर घ्यायच्या. फक्त तपासणीच्या दिवशी सकाळची गोळी न घेता बरोबर आणायची. डॉक्टरांनीच तसं सांगितलं होतं. "गोळी नसली की आबा घरी कसे असतात, ते त्यांना बघायचंय."

तपासणीला दोन दिवस उरले तेव्हा ओसरीवर बसल्या बसल्या आबाजीनं जाहीर केलं, "मी येत न्हाय. चार लोकांत थरथरायला मला न्यायचं न्हाय. मदत नगं अन् काय नगं."

सारजा भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. तिनं सूप बाजूला सारलं. संसारात ती कधी नवऱ्यापुढं मोठ्यानं बोलली नव्हती. आजही मोठ्यानं बोलली नाही.

"तुमी बाजारात ताठ चालता. भावकीत बसून हसता. घरी येस्तोवर गोळी उतरती. मंग माझ्यापुढं कोण असतं? तोंड दगडावानी. मी बोललेलं तुमाला गोड लागलं का कडू, काय कळत न्हाय. बटणं लावायला मला कट्टाळा न्हाय, आवं. घास भरवायलाबी न्हाय. पर चांगला माणूस समदा लोकांच्या वाट्याला गेला. मला किती दिस झालं, तुमचं हसू दिसलं न्हाय."

आबाजीनं मान खाली घातली. तिला जे दिसत नव्हतं ते आपल्या मनात रोज असतं, हे त्याला सांगायचं होतं. पण असलं काही बोलायची त्याला सवय नव्हती. तो एवढंच म्हणाला, "फेटा बांधायचा न्हाय मातर."

"न्हाय बांधत," सारजा म्हणाली.

तपासणीच्या दिवशी नागेशनं रजा टाकली आणि गावातल्या एकाची जीप मागून आणली. संस्थेत बाकांवर बरेच लोक बसले होते. आबाजी नागेशच्या खांद्याला धरून एक एक पाऊल ओढत आत आला. लोकांनी पाहिलं. त्यानं कुणाकडंच पाहिलं नाही.

डॉक्टरांनी बटण लावायला सांगितलं. बोटं बटणापर्यंत गेली आणि नुसती सदऱ्यावर वाजत राहिली. मग खुर्चीतून उठायला सांगितलं. आबाजीनं जोर केला आणि परत मागं बसला. पुन्हा जोर केला. सारजाचे हात आपसूक पुढं गेले, ते श्यामलाबाईंनी हळूच धरून ठेवले. नवऱ्याला पडताना बघायचं आणि हात लावायचा नाही, ही शिक्षा तिनं दात आवळून सोसली. तिच्या मनात आलं, चूक केली, कशाला आणलं यांना.

"पुरे, आबा," डॉक्टर म्हणाले. ते स्वतः उठून आले आणि त्यांनी आबाजीचा थरथरता हात दोन्ही हातांत घेतला. "बसा. औषध मिळेल तुम्हाला. दर महिन्याला मिळेल. पण एक कबूल करा, रोज घ्यायचं."

आबाजीनं मान हलवली. मग तो सारजाकडं बघून म्हणाला, "दे आता."

तिनं गोळी काढली. त्याचा हात पोचेना, म्हणून तिनंच ती त्याच्या तोंडात घातली आणि पाण्याचा पेला ओठांना लावला. लोकांदेखत बायकोच्या हातून घोट घेणारा हा माणूस नव्हे. त्या दिवशी त्यानं घेतला. नागेश खिडकीबाहेर बघत उभा राहिला.

औषध घरी आलं. त्यानंतर एका सकाळी सारजानं ठरल्या वेळी पाणी आणि गोळी पुढं धरली. सवयीनं आबाजीनं विचारलं, "आज कुठं जायचंय?"

"कुठं न्हाय."

"कोण यायचंय?"

"कुणी न्हाय. घ्या."

त्यानं गोळी घेतली. ऊन ओसरीवर आलं तेव्हा तो अंगणातल्या बाजेवर बसला होता आणि सारजा मका सोलत होती. शेजारची छबूबाई आपले सांडगे वाळत घालताना कोंबड्यांना शिव्या देत होती. सारजानं खालच्या आवाजात तिची हुबेहूब नक्कल केली. आबाजीच्या गालाला आधी बारीक सुरकुती पडली, मग डोळे बारीक झाले आणि तो खदखदून हसला.

सारजा मका सोलायची थांबली. ती नुसती बघत राहिली.

"काय बघतीस?" त्यानं विचारलं.

"काय न्हाय," ती म्हणाली. "हसा की आणखी."