लग्न तिकडच्या शेतात

जामखेडला टीव्ही दुरुस्त करणारा एक माणूस आहे. कुणाच्याही घरात शिरला की तो आधी हात पाठीमागे बांधतो आणि बिघडलेल्या वस्तूकडे मुलगी बघायला आल्यासारखा बघत राहतो. अशा वेळी मला त्याचा भयंकर राग येतो.

त्या दिवशी सासूबाईंच्या लाडक्या नातीचं परदेशातलं लग्न दहा मिनिटांवर आलं होतं. लॅपटॉपच्या चिमुकल्या पडद्यावर सासूबाईंना काही दिसत नाही, म्हणून मी माझा लिनक्सवाला लॅपटॉप टीव्हीला जोडला, तर टीव्हीवर नुसतं निळं आभाळ! वायर काढून, लावून, फुंकून झाली. शेवटी मी तिला हात जोडले आणि त्या माणसाला बोलावून आणलं.

"टीव्ही चांगला हाय, वायर बी चांगली हाय," तो म्हणाला. "ह्यो लॅपटॉप आन् त्यो टीव्ही म्हंजी शेजारशेजारची दोन शेतं हायेत, साहेब. तुमचं लग्न ह्या शेतात चाललंय आन् म्हातारी बसलीय त्या शेतात."

"मग आता?"

"बांध वलांडायचा. लई सोपं हाय."

त्याने हात सोडले, लग्नाची खिडकी माऊसने धरली आणि उजवीकडे ओढत नेली. लॅपटॉपच्या कडेला ती नाहीशी झाली आणि टीव्हीत प्रकटली, नवरीसकट, भटजीसकट!

सासूबाई टीव्हीकडे झुकल्या. "अगं बाई, माझी नथ घातलीय हिनं!"